वेगळे पैसे देऊन बघावेत असे अलीकडचे थ्रिलर आणि ड्रामा

प्रश्न असा आहे की घरात दोन-तीन ओटीटींची सबस्क्रिप्शनं असताना वर अजून पैसे भरून भाड्याने घ्यावेत असे गेल्या दोन-तीन वर्षांतले थ्रिलर आणि ड्रामा पिक्चर कुठले, आईबाबापण सोबत बसणार, सबटायटल चालतील पण उगाच रक्तपात नको. मी फिल्म एडिटर आहे, मराठी-हिंदी पिक्चर आणि सिरीज कापण्यात बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे माझं उत्तर एडिटच्या खुर्चीतून येणार आणि जरा लांबणार.

आधी मी कशावरून ठरवतो ते सांगतो म्हणजे पुढची नावं का घेतली ते कळेल. थ्रिलर म्हटलं की लोक पहिलं विचारतात ट्विस्ट आहे का. एडिटला बसल्यावर आमचं भांडण ट्विस्टवरून फारसं होत नाही, ते होतं एखादी गोष्ट प्रेक्षकाला कधी कळू द्यायची आणि पडद्यावरच्या माणसाला कधी, यावरून. दोघांना एकदम कळलं तर धक्का बसतो. आपल्याला आधी कळलं आणि त्या माणसाला अजून माहीत नाही तर धाकधूक सुरू होते. त्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही तर संशय. यातला धक्का एकदाच बसतो, दुसऱ्यांदा बघताना तो मेलेला असतो, पण धाकधूक आणि संशय शेवट माहीत असला तरी काम करत राहतात, उलट कधीकधी जास्तच करतात. आता भाड्याने घेतलेला पिक्चर साधारण ३० दिवसांत सुरू करायचा असतो आणि एकदा प्ले दाबलं की बहुतेक ठिकाणी ४८ तास मिळतात. म्हणजे शनिवारी रात्री बघितला तर रविवारी परत बघता येतो. माझ्या मते पैसे त्याच पिक्चरवर खर्च करावेत जो रविवारी परत लावावासा वाटेल. एकदाच्या धक्क्यासाठी सबस्क्रिप्शनमध्ये ढिगाने माल पडलाय.

या हिशोबाने माझ्या यादीत सगळ्यात वर 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल', २०२३, दिग्दर्शिका जस्टिन त्रिए. कान महोत्सवाचा पाम दोर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. फ्रान्सच्या डोंगरातल्या एका घरात नवरा वरून पडून मरतो, बायको लेखिका आहे, ती एकटीच घरात होती, पडला की ढकलला यावर खटला उभा राहतो. अकरा वर्षांचा मुलगा, त्याला नीट दिसत नाही, तोच काय तो साक्षीदार. आता हे ऐकून वाटतं नेहमीचा कोर्टरूम ड्रामा, पण कोर्टात हळूहळू तपास होतो तो त्या बाईच्या लग्नाचा, घरात जास्त काम कोण करतं, कोणाचं करिअर पुढे गेलं, तिने कादंबरीत काय लिहिलं, सगळं पुराव्यात येतं. आपल्याकडे ज्यांनी तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बघितलंय किंवा वाचलंय त्यांना बेणारेबाईंची आठवण येईलच, खटला गुन्ह्याचा म्हणून सुरू होतो आणि चालतो बाईच्या जगण्यावर.

त्यातला एक सीन मी जो कोणी एडिटिंग शिकायला येतो त्याला दाखवतो. नवऱ्याने मरायच्या आदल्या दिवशीचं भांडण गुपचूप रेकॉर्ड केलेलं असतं, ते कोर्टात वाजवतात. आवाज सुरू होतो आणि चित्र थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जातं, आपण दोघांना समोरासमोर भांडताना बघतो, दोघांचंही पटतं, दोघांचाही राग येतो, आवाज चढत जातो आणि नेमकं जेव्हा हाणामारी सुरू होते तेव्हा चित्र परत कोर्टात. आता फक्त आवाज. काच फुटतेय, कोणीतरी कोणाला तरी मारतंय, आणि आपण कोर्टातल्या लोकांची तोंडं बघतोय. म्हणजे जिथे आपल्याला डोळ्यांनी बघायची सगळ्यात जास्त गरज होती तिथेच एडिटर लोराँ सेनेशालने चित्र काढून घेतलं आणि आपल्याला ज्युरीच्या, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या, बाकावर नेऊन बसवलं. त्यांच्याइतकंच आपल्याला माहीत, कणभर जास्त नाही. त्याला एडिटिंगचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं ते मला या एका कटसाठीसुद्धा योग्य वाटतं. पिक्चर अडीच तासांचा आहे, मध्ये चहाला उठू नका, आणि दुसऱ्यांदा बघताना फक्त त्या मुलाकडे लक्ष ठेवून बघा, तो कधी ऐकतोय आणि कधी ठरवतोय, वेगळाच पिक्चर दिसतो. रक्त थोडं आहे सुरुवातीला, बाकी सगळं बोलण्यातून.

कोर्टाचाच विषय आवडत असेल तर 'ज्युरर नंबर टू', २०२४, क्लिंट ईस्टवूडचा, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी रिलीज झालेला. एका तरुणाला ज्युरीत बसवतात, खुनाचा खटला, आणि खटला ऐकता ऐकता त्याच्या लक्षात येतं की ज्या पावसाळी रात्री ती मुलगी मेली त्या रात्री त्याच रस्त्यावर त्याची गाडी कशाला तरी धडकली होती आणि त्याने हरीण समजून सोडून दिलं होतं. हे मी सांगितलं म्हणून मजा गेली असं समजू नका, पिक्चर स्वतःच हे लवकर सांगून टाकतो. मघाशी म्हटलं तसं आपल्याला आणि त्याला माहीत आहे, बाकीच्या अकरा जणांना नाही, आणि आता खोलीतला प्रत्येक साधा प्रश्न त्याच्यासाठी सापळा आहे. आपल्याकडे ज्युरी पद्धत कधीच गेली पण 'एक रुका हुआ फैसला' बऱ्याच घरांत पाठ आहे, त्यात एक माणूस बाकीच्यांना थांबवतो ते विवेकासाठी, इथे थांबवणाऱ्याचा स्वतःचा जीव अडकलाय, त्यामुळे त्याच्या प्रत्येक चांगल्या वाक्यावर आपल्याला शंका येते. दिसायला एकदम साधा पिक्चर, कॅमेऱ्याची करामत नाही, त्या रात्रीचा बारमधला प्रसंग वेगवेगळ्या साक्षीदारांच्या नजरेतून परत परत येतो आणि दरवेळी थोडासाच बदलतो, जोएल कॉक्ससारखा ईस्टवूडबरोबर अर्धं आयुष्य काम केलेला एडिटर आहे म्हणून ते इतकं सहज वाटतं. अमेरिकेत हा पन्नासच्या आत थिएटरांत लागला होता, याचं मला अजून वाईट वाटतं. आईबाबांबरोबर बघायला या यादीतला सगळ्यात सोपा हाच.

'ब्लॅक बॅग', २०२५, स्टीव्हन सोडरबर्ग. लंडनचे गुप्तहेर, नवरा-बायको दोघेही त्याच खात्यात, खात्यातून एक घातक गोष्ट बाहेर गेलीय आणि नवऱ्याला पाच संशयितांची यादी मिळते, त्यात बायकोचं नाव. तो काय करतो, तर सगळ्यांना घरी जेवायला बोलावतो. चना मसाल्यात खरं बोलायला लावणारं औषध घालतो आणि बायकोला सांगून ठेवतो की तेवढं खाऊ नकोस. तो जेवणाचा सीन परत लावून बघा, गोळी नाही, पाठलाग नाही, सहा माणसं टेबलाभोवती आणि तरी श्वास अडकतो, कारण बोलणाऱ्यावर कॅमेरा जितका आहे तितकाच ऐकणाऱ्यावर आहे. सोडरबर्ग स्वतःच शूट करतो आणि स्वतःच एडिट करतो, नावं मात्र वेगळी लावतो, एडिटर म्हणून मेरी अ‍ॅन बर्नार्ड असं नाव दिसेल ते त्याचंच. दीड तासाच्या आसपास संपतो. एक मिनिट जास्त नाही. भाषा थोडी मोकळी आहे आणि त्या जोडप्यांच्या बेडरूमच्या गोष्टी टेबलावर निघतात, त्यामुळे आईबाबांसोबत बघायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पटापट इंग्रजी आहे, सबटायटल चालूच ठेवा.

आता एक असा पिक्चर ज्याबद्दल मला मुंबईकर म्हणून बोलायचंय. 'सप्टेंबर ५', २०२४, दिग्दर्शक टिम फेलबाउम. १९७२ चं म्युनिक ऑलिम्पिक, इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं, शेवटी अकरा जण गेले, हा इतिहास माहीत आहे त्यामुळे शेवट काय होणार यात काही गुपित नाही. पिक्चर जवळजवळ पूर्ण अमेरिकेच्या एबीसी चॅनलच्या कंट्रोल रूममध्ये घडतो, हे स्पोर्ट्सवाले लोक, बातमीदारीचा अनुभव नाही, आणि हातात लाइव्ह कॅमेरा. मध्ये एका क्षणी कोणाच्या तरी डोक्यात येतं की पोलीस छतावर चढतायत ते आपण दाखवतोय आणि त्या खोल्यांमध्ये टीव्ही आहेत, म्हणजे आतले बंदूकधारी पण हेच बघत असणार. मी तिथे पॉज केला. २६/११ च्या वेळी ज्यांनी ते तास टीव्हीसमोर काढले त्यांना हे समजावून सांगायला लागणार नाही, हेलिकॉप्टरमधून नरिमन हाउसवर उतरणारे कमांडो आपण सगळ्यांनी लाइव्ह बघितले होते, आणि पुढे २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्या लाइव्ह कव्हरेजवर कडक ताशेरे मारले. आपल्याकडे या विषयावर इतका प्रामाणिक पिक्चर कोणी करायला हवा होता असं मला फार वाटतं. कामाच्या बाजूने सांगायचं तर मॉनिटरवर दिसणारा निवेदक जिम मकाय हा त्या वेळच्या खऱ्या फुटेजमधला आहे आणि नव्याने शूट केलेली माणसं त्याच्याशी बोलतात, जोड कुठे आहे ते शोधून दाखवा. पडद्यावरची अक्षरं हाताने लावायची, फिल्म धुऊन यायची वाट बघायची, सॅटेलाइटची वेळ दुसऱ्या चॅनलबरोबर वाटून घ्यायची, हे सगळं कष्टाचं काम त्या ताणात मिसळलंय. पंच्याण्णव मिनिटं.

त्यातली जर्मन दुभाषी मुलगी झालेली लिओनी बेनेश तुम्हाला आवडली, आणि आवडणारच, तर लगेच 'द टीचर्स लाउंज' घ्या, २०२३, दिग्दर्शक इल्कर चाताक, जर्मन भाषेत. शाळेत चोऱ्या होतायत, नवीन शिक्षिका स्वतःचा लॅपटॉप स्टाफरूममध्ये रेकॉर्डिंगवर ठेवून जाते, पाकीट असलेलं जाकीट खुर्चीवर, आणि परत येऊन बघते तर पैसे गेलेत आणि कॅमेऱ्यात फक्त एक बाही दिसते. एवढंच. चेहरा नाही. त्या बाहीवरून ती एकीवर आरोप करते आणि जिच्यावर करते तिचाच मुलगा हिच्या वर्गात. कॅमेरा शाळेबाहेर जवळजवळ जातच नाही, बाईचं घर आपल्याला कधी दिसत नाही, फ्रेम जुन्या टीव्हीसारखी चौकोनी, ती चौकट तिला दाबत राहते. माझ्या ओळखीतल्या शिक्षकांनी बघितला तेव्हा पालकसभेचा सीन त्यांना थ्रिलरसारखाच वाटला. फारशी हाणामारी नाही, एक खूनही नाही, आणि तरी माझ्या हाताला घाम होता.

जाफर पनाहीचा 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट', २०२५, पाम दोर याला पण. इराणमध्ये परवानगी न घेता लपूनछपून शूट केलेला. एका मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये रात्री एक माणूस येतो, गाडी बिघडलीय, बरोबर गरोदर बायको आणि लहान मुलगी. मेकॅनिकला त्या माणसाच्या नकली पायाचा कुरकुर आवाज ऐकू येतो आणि तो गारठतो, कारण तुरुंगात याचा छळ करणाऱ्या माणसाचा चालताना तसाच आवाज यायचा. डोळ्यांवर पट्टी असायची, चेहरा कधीच बघितला नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याला उचलतो, खड्डा खणतो, पुरायलाच निघतो, आणि तेव्हा शंका येते की हा तोच आहे का. मग व्हॅनमध्ये त्याला कोंबून शहरभर फिरतो, त्याच तुरुंगातून गेलेल्या बाकीच्यांना शोधत, कोणी आवाजावरून ओळखेल म्हणतो, कोणी वासावरून, कोणी हात लावून. पनाही स्वतः २०२२ मध्ये पकडला गेला होता आणि २०२३ च्या सुरुवातीला उपोषण केल्यावर सुटला, त्यामुळे या माणसांचा राग कुठून आलाय ते कळतं, पण मला जास्त भिडलं ते हे की तो रागाला मोकळं सोडत नाही, प्रत्येक जण वेगळं मत मांडतो, मारा, सोडा, आधी कबूल करू दे. मध्येमध्ये चक्क हसू येतं. आणि हा पिक्चर टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका, कळकळीने सांगतो, चांगले हेडफोन किंवा साउंडबार लावा, खोली शांत करा, कारण पूर्ण कथा एका आवाजावर उभी आहे आणि शेवटच्या शॉटमध्ये तुम्हाला कानांनी बघायचंय. ड्रामा की थ्रिलर, मला सांगता येणार नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

मराठीत म्हणाल तर 'स्थळ', जयंत सोमलकर, २०२५ ला थिएटरात आला, त्याआधी २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार घेऊन. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारं घर, शिकणारी मुलगी सविता आणि तिला बघायला येणारी माणसं. याला कोणी थ्रिलर म्हणणार नाही पण मी घेतोय, कारण कांदेपोह्यांचा तोच प्रसंग परत परत येतो, तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आणि दरवेळी आपल्याला आधीच माहीत असतं आता काय विचारणार आणि तिलाही माहीत असतं. तोच सीन पुन्हा लावून त्याचा ताण वाढवत नेणं हे एडिटरसाठी फार अवघड काम आहे, तिसऱ्यांदा प्रेक्षक कंटाळायला हवा आणि इथे तो घाबरतो. गावातलीच माणसं घेतलीत, अभिनय शिकलेली नाहीत, ते कुठेच जाणवत नाही. आईबाबांबरोबर बघा, नंतर घरात बोलणं होईल. उपलब्धता बदलत राहते, शोधून घ्यावा लागेल, पण शोधा.

जे मराठी लोक बाहेरदेशी आहेत त्यांच्यासाठी वेगळं एक नाव, 'संतोष', २०२४, दिग्दर्शिका संध्या सुरी. हिंदीतला आहे, ब्रिटनने ऑस्करला पाठवलेला, पण सेन्सॉरने सांगितलेल्या कटांमुळे भारतात थिएटर रिलीज झालंच नाही. पोलीस नवरा गेल्यावर बायको अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी कॉन्स्टेबल लागते आणि तिच्या समोर एका दलित मुलीच्या खुनाची केस येते. शहाना गोस्वामी आणि सुनीता राजवार दोघींनी जे काम केलंय ते बघताना मला परत परत वाटलं की हे आपल्या लोकांनी आपल्या थिएटरात बघायला हवं होतं. तुम्हाला तिकडे मिळत असेल तर पैसे द्या. बघायला जड आहे, मारहाणीचा एक भाग खूप लांब आहे आणि तो मुद्दाम लांब ठेवलाय, घरात लहान मुलं असतील तेव्हा लावू नका.

बाकी ज्यांची नावं सगळे घेतात त्यांच्याबद्दल थोडक्यात. 'कॉन्क्लेव्ह', २०२४, पोप निवडायच्या कुलूपबंद सभेची गोष्ट, राल्फ फाइन्सने कमाल काम केलंय, प्रत्येक मतमोजणी क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरसारखी वाटते, आईबाबांना नक्की आवडेल, पण शेवटचा खुलासा मला वरून चिकटवल्यासारखा वाटला आणि रविवारी परत लावावासा वाटला नाही. सबस्क्रिप्शनमध्ये मिळाला तर जरूर बघा. 'स्ट्रेंज डार्लिंग'चं तरुण पोरं फार कौतुक करतात, सहा भागांची गोष्ट तिसऱ्या भागापासून सुरू करून उलटसुलट सांगितलीय, ३५ एमएमवर शूट केलाय, रंग सुंदर आहेत. पण क्रम सरळ करून बघितला की आत फार काही उरत नाही असं माझं मत आहे, क्रम बदलल्यामुळे माणसं जास्त कळायला हवीत, इथे फक्त माहिती दडवायला क्रम वापरलाय. शिवाय रक्त भरपूर, तुमच्या अटीत बसत नाही.

पैसे भरायच्या आधी दोन-चार गोष्टी बघून घ्या. परदेशी पिक्चर असेल तर मूळ भाषेचा ऑडिओ आहे ना ते तपासा, कधीकधी डब केलेली आवृत्ती वेगळी टाकलेली असते आणि घाईत तीच घेतली जाते, 'द टीचर्स लाउंज' इंग्रजी डबमध्ये बघणं म्हणजे पैसे वाया. ट्रेलर प्ले करून सबटायटलचं बटण कुठे आहे ते आधीच बघा. लॅपटॉपच्या ब्राउझरवर बऱ्याचदा कमी क्वालिटी मिळते, टीव्हीवरच्या अ‍ॅपमधून घेतलेलं बरं. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग किंवा तत्सम नावाचं जे असतं ते बंद करा, ते चालू असलं की सेकंदाला २४ फ्रेमने शूट केलेला पिक्चर मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो, चेहऱ्यावरचा ताण निघून जातो, आम्ही एकेका फ्रेमवर वाद घालतो आणि टीव्ही मधल्यामधे स्वतःच्या फ्रेम तयार करून घालतो. हे एवढं केलंत तरी निम्मा फरक पडेल.

आणि या शनिवारी नेमकं काय लावू असं विचाराल तर आईबाबा सोबत असतील तर 'ज्युरर नंबर टू', ते झोपल्यावर तुम्ही दोघंच असाल तर 'ब्लॅक बॅग', आणि रविवारचा दिवसही मोकळा असेल तर 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' घ्या, दुसऱ्यांदा बघून झाला की ती दोषी वाटते का निर्दोष ते मला कळवा, माझं मत मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.